कोट इंग्लंडचा, कापड कुणाचं?

कॉलीनचा फोन आला तेव्हा मी टोरोंटोजवळच्या ओकव्हिलच्या प्लॅटफॉर्मवर गो ट्रेनची, म्हणजे इथल्या लोकलची, वाट बघत होते. नमस्कार-चमत्कार काही नाही. तिने सरळ विचारलं, "माझे कोट आता ब्रिटिश नाहीत असं तुझ्या ऑफिसने कळवलंय. मग ते कुणाचे आहेत?"

मी म्हटलं, "कस्टम्सच्या दृष्टीने कुणाचेच नाहीत. तिथेच अडलंय."

कॉलीन आमची जुनी क्लायंट. तिची दोन दुकानं आहेत, एक टोरोंटोत आणि एक व्हॅंकुव्हरजवळ कोक्विटलामला. दोन्हीकडे ती लोकरीचे जाड कोट विकते. उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या कारखान्यात ते शिवून येतात. शेजारच्या मोठ्या देशाशी कॅनडाचं टॅरिफवरून बिनसलं, तेव्हा तिने तिकडचा माल मागवणं जवळजवळ बंद केलं आणि सगळा भर या इंग्लिश कोटांवर टाकला. गिऱ्हाइकांनाही ते आवडत होतं. आणि नेमकं तेव्हाच आमच्या ऑफिसने तिला कळवलं होतं की पुढच्या खेपेपासून या कोटांवर पूर्ण ड्युटी, म्हणजे आयातकर, लागेल. कपड्यांवरची ड्युटी आमच्याकडे भरभक्कम असते. ती दुकानात वसूल करायची म्हटलं तर गिऱ्हाईक पाठ फिरवणार, आणि स्वतः सोसायची म्हटलं तर दोनातलं एक दुकान बंद.

मी कस्टम्स ब्रोकर आहे. परदेशातून आलेला माल सीमेवर कुठल्या वर्गात मोडतो, त्यावर ड्युटी किती, तो कुठल्या देशाचा मानायचा, हे ठरवून कागद तयार करायचे आणि माल सोडवून घ्यायचा, हे माझं काम. कामातला सगळ्यात चिवट भाग म्हणजे रूल्स ऑफ ओरिजिन. म्हणजे वस्तूचं मूळ गाव ठरवण्याचे नियम. वस्तू जिथून जहाजात चढली तो तिचा देश, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. कपड्यांच्या बाबतीत आमचा नियम ढोबळमानाने असा, की कापड विणणं आणि ते शिवणं, ही दोन्ही कामं कॅनडाशी व्यापार करार असलेल्या त्या देशातच झालेली हवीत. नुसतं शिवलेलं चालत नाही.

ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होता तोवर याचा कुणाला त्रास नव्हता. इटलीत विणलं काय आणि इंग्लंडमध्ये शिवलं काय, सगळं एकाच घरातलं. ब्रिटन बाहेर पडला तेव्हा कॅनडाने त्याच्याशी घाईने एक करार केला, जुन्याचीच जवळजवळ नक्कल. त्यात काही वर्षांची मुभा ठेवली होती: युरोपातलं कापड वापरलंत तरी ते ब्रिटनचंच धरू. तेवढ्या अवधीत नवा, कायमचा करार होईल असा सगळ्यांचा हिशोब होता. ती बोलणी मध्येच थांबली आणि मुभेची मुदत संपली. कॉलीनच्या कोटांचं कापड इटलीतून येत होतं. नियमाला बारीकसारीक अपवाद होते, पण आमच्या कोटांना त्यातला एकही पुरत नव्हता.

त्याच आठवड्यात मी कारखान्याच्या मालकिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलले. तिचं नाव हेलन. साठीच्या आसपासची, केस बारीक कापलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. ती मूळची त्याच कारखान्यात अकाउंट्स बघायची. जुन्या मालकाने कारखाना बंद करायचं ठरवलं तेव्हा घर गहाण ठेवून तिने तो चालवायला घेतला. चाळीसेक माणसं कामाला, बहुतेक बायका, आणि बहुतेक पायी चालत कामावर येणाऱ्या.

मी तिला नियम समजावून सांगितला. मग उपायही सांगितला. माझ्या मते तो साधा होता. कापड इटलीचंच ठेवा आणि कॅनडाचे कोट पोर्तुगालमध्ये शिवून घ्या. पोर्तुगाल युनियनमध्येच आहे. युनियनचा आणि कॅनडाचा करार जागेवर आहे. ड्युटी शून्य. तिथे चांगले शिवणारे आहेत, दोघांची नावंही मी काढून ठेवली होती.

हेलनने सगळं शांतपणे लिहून घेतलं. मग म्हणाली, "तुमचा सल्ला बरोबर आहे हे मला कळतंय. पण कॅनडाचं काम म्हणजे माझं निम्मं काम आहे. ते गेलं की निम्म्या जणींना घरी पाठवावं लागेल. तो उपाय मी शेवटी ठेवते. आधी दुसरं काही जमतं का ते बघू द्या."

मी विचारलं, दुसरं म्हणजे काय. ती म्हणाली, "कापड इथे विणायचं."

कॉल संपल्यावर मी आमच्या बॉसकडे गेले. डग तीस वर्षं या धंद्यात आहे आणि फारसा चकित होत नाही. मी म्हटलं, ती इंग्लंडमध्ये लोकरीचं कापड विणून घेणार म्हणते. डग म्हणाला की पन्नास वर्षांपूर्वी कल्पना उत्तम होती. तिथल्या गिरण्यांचे आता फ्लॅट झालेत. तरी फाइल उघडी ठेव, पण पोर्तुगालच्या लोकांना थांबवून ठेव.

मी इचलकरंजीची. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना पावरलूम होते आणि खडखडाट थांबला की आम्हाला जाग येई. त्यामुळे एक गोष्ट मला ठाऊक होती. माग मिळणं कठीण नसतं. थोड्या कापडासाठी ताणा भरायला कुणी तयार होणं कठीण असतं. ताणा म्हणजे कापडातले उभे धागे. हजारो धागे एकेक करून मागावर ओढून घ्यावे लागतात. एवढी खटपट करून चार दिवसांत काम संपणार असेल तर मागवाला हात जोडतो.

हेलनला तोच अनुभव आला. तिच्या भागात उरलेल्या गिरण्यांपैकी बहुतेक सुटाचं पातळ कापड करत. जाड कोटाचं कापड करू शकेल असा एकच जण सापडला. त्याचं नाव इक्बाल. तो बसच्या आणि ट्रेनच्या सीटचं लोकरी कापड विणायचा. त्याचे वडील पाकिस्तानातल्या मीरपूरहून येऊन तिथल्याच एका गिरणीत रात्रपाळी करायचे. गिरणी बुडाली तेव्हा मुलाने भंगारात निघालेले माग विकत घेतले आणि हळूहळू धंदा उभा केला. हेलनला त्याने चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. एक तर ऑर्डर लहान. शिवाय त्याची समजूत अशी की सूतसुद्धा ब्रिटनमध्येच कातलेलं हवं, आणि तसलं जाड सूत तिथे आता कुणी कातत नव्हतं.

हेलनने मला हे ईमेलने कळवलं. सूर निरोपाचाच होता. मी तो ईमेल ट्रेनमध्ये वाचला आणि ऑफिसात पोचेपर्यंत धीर धरवला नाही. टोरोंटोच्या युनियन स्टेशनवर उतरून कोपऱ्यात उभी राहिले आणि हेलनकडून इक्बालचा नंबर घेऊन त्याला फोन लावला. सुरुवात इंग्रजीत झाली. माझं नाव ऐकल्यावर त्याने विचारलं, इंडियातल्या का? मग आम्ही हिंदीवर आलो. त्याची हिंदी अर्धी पंजाबी, माझी अर्धी मराठी, पण दोघांनाही कापडाची भाषा येत होती. मी त्याला सांगितलं की सूत कुठलंही चालेल. नियमात विणणं आणि शिवणं आहे, कातणं नाही. कोटासाठीचा नियम वेगळा आणि नुसतं कापड विकण्यासाठीचा वेगळा. त्याने दुसरा वाचला होता.

त्याने नियमाचा क्रमांक विचारून लिहून घेतला. मग म्हणाला, "बहनजी, सूत का मसला गया। लेकिन ऑर्डर तो उतना ही छोटा है।"

ते खरंच होतं. मी हेलनला तसंच कळवलं. माझं काम तिथे संपलं होतं. ऑर्डर मोठी करणं कस्टम्स ब्रोकरच्या हातात नसतं.

पुढे हेलनने जे केलं ते मला दहा दिवसांनी कळलं. तिच्या गावापासून तासाभरावर तिचा एक प्रतिस्पर्धी आहे, तोही कोट करणारा. दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. त्याने एकदा तिची कटिंग करणारी बाई जास्त पगार देऊन पळवली होती. हेलन त्याच्याकडे गेली, आधी न कळवता. त्यालाही कॅनडात माल पाठवताना तीच अडचण येत असणार, असा तिचा कयास होता. तसंच निघालं. त्याने तर कॅनडा सोडूनच द्यायचं ठरवलं होतं. तिने त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला, की दोघांनी मिळून एकच कापड विणून घ्यायचं, रंग फक्त वेगवेगळे. मग तिघांनी, इक्बाल धरून, एका पबच्या टेबलावर बसून ठरवलं. इक्बालने एक माग त्यांच्यासाठी बाजूला काढला.

मी हे डगला सांगितलं. त्याने फाइलवरचं पोर्तुगालचं लेबल काढलं नाही, पण पेन्सिलीने शेजारी प्रश्नचिन्ह केलं.

पहिल्या कापडाचे दोन कोट कॉलीनकडे आले. दिसायला देखणे होते. एक तिने टोरोंटोत ठेवला आणि एक कोक्विटलामच्या दुकानात पाठवला. तिथली मॅनेजर प्रिया, जवळच्याच सरी शहरातली पंजाबी मुलगी, तो घालून कामावर जाऊ लागली. त्या बाजूला हिवाळ्यात बर्फापेक्षा पाऊस जास्त. तिसऱ्या दिवशी तिचा रिपोर्ट आला: खांद्यावरून पाणी आत आलं, कोट ओल्या घोंगडीसारखा जड झाला आणि वाळल्यावर बाह्या मनगटाच्या वर चढल्या. सोबत फोटो. कॉलीनने तो मला फॉरवर्ड केला.

इटलीचं कापड असं करत नसे. चूक मागाची नव्हती. विणून झाल्यावर लोकरीचं कापड गरम साबणपाण्यात मळून मळून आटवतात. त्याने धागे एकमेकांत गुंततात आणि कापडातून पाणी, वारा आत शिरत नाही. इक्बालच्या सीटच्या कापडाला याची गरज नव्हती आणि तिथल्या फिनिशिंगवाल्यालाही तशी सवय उरली नव्हती. इंग्लंडमध्ये या कामाची कधीकाळी गावंच्या गावं होती. आता विचारायचं कुणाला?

हेलन इटलीला गेली. तिला तिथे जायचंच होतं, कारण ज्या म्हाताऱ्या गिरणीवाल्याकडून ती वीस वर्षं कापड घेत होती त्याला कॅनडाची ऑर्डर कमी होतेय हे फोनवर सांगणं तिला बरं वाटत नव्हतं. ब्रिटनमधल्या आणि जपानच्या कोटांसाठी कापड तुमचंच राहील, असं तिने त्याला समोर बसून सांगितलं. हे तिने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जरा खाली आला होता. म्हाताऱ्याने ते ऐकून घेतलं. मग हेलनने सोबत नेलेल्या, त्याच फसलेल्या कापडाच्या एका कोटाची बाही त्याने हातात घेतली, दोन बोटांत चोळली आणि म्हणाला की हे कापड मागावरच फार घट्ट विणलंय, त्याला आटायला जागाच ठेवलेली नाही. रुंद आणि विरळ विणा, मग दुप्पट वेळ मळा. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या फिनिशिंगच्या मुख्य माणसाला इक्बालशी व्हिडिओवर बोलायला बसवलं. एक इटालियन बोलत होता, एक यॉर्कशायरची इंग्रजी, आणि म्हाताऱ्याची नात मध्ये बसून भाषांतर करत होती.

मी हेलनला विचारलं, त्याने हे का केलं असेल. ती म्हणाली, "मला वाटतं, त्याला वाईट कापड बघवत नाही."

तिने युनियन सोडण्याच्या बाजूने मत दिलं होतं की विरुद्ध, हेही मी तेव्हा विचारून घेतलं. इतके दिवस विचारायचं टाळत होते. तिने सांगितलं नाही. कारखान्यात दोन्हीकडची माणसं आहेत, ती म्हणाली, आणि जेवायला सगळी एकाच टेबलावर बसतात, म्हणून तिने आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही.

दरम्यान मी कॅनडाच्या कस्टम्सकडे ॲडव्हान्स रूलिंगसाठी अर्ज केला होता. ही एक चांगली सोय आहे. माल पाठवण्याआधीच सगळी माहिती देऊन विचारायचं, की याला तुम्ही कुठल्या देशाचा धरणार? त्यांनी लेखी उत्तर दिलं की ते त्यांच्यावर बंधनकारक असतं. मात्र उत्तर यायला वेळ लागतो. मी हेलनला स्पष्ट सांगितलं की रूलिंग येईपर्यंत कापड कापू नका. ती म्हणाली, तेवढं थांबले तर कोट दुकानात पोचेपर्यंत तुमच्याकडे वसंत ऋतू असेल. तिने नव्याने विणलेलं कापड कापायला घेतलं. रूलिंग विरुद्ध गेलं असतं तर ते सगळे कोट तिला दुसरीकडे कुठेतरी पडत्या भावात विकावे लागले असते, आणि मला माहीत होतं की तिचं घर अजून गहाणच आहे.

ते दिवस मला बरे गेले नाहीत. नियम मी बरोबर वाचला होता याची खात्री होती, तरी रोज सकाळी तो पुन्हा उघडून वाचत होते. घरी मुलगी म्हणाली, "आई, इट्स जस्ट कोट्स." एका दुपारी कस्टम्सच्या ऑफिसरचा फोन आला. तिने अस्तराबद्दल विचारलं. अस्तर जर्मनीचं होतं. ते किती, कुठल्या धाग्याचं, हे सगळं हेलनकडून मागवून मी कळवलं. नियमात तेवढी सवलत आहे आणि आम्ही तिच्यात बसत होतो. ऑफिसर शेवटी म्हणाली की तिने इतक्यात पाहिलेल्या अर्जांपैकी यात कापडाची माहिती सगळ्यात नीट दिलेली आहे. मी म्हटलं, ती माझी नाही, हेलनची आहे.

दुसरा नमुना प्रियाकडे पोचला त्या आठवड्यात कोक्विटलामला धो धो पाऊस होता. तिने या वेळी रिपोर्ट लिहिला नाही. कॉलीनला फोन करून विचारलं, हा कोट मला स्टाफ डिस्काउंटमध्ये मिळेल का.

रूलिंग त्यानंतर आलं. कोट ब्रिटनचे. ड्युटी शून्य. मी हेलनला फोन केला तेव्हा तिकडे संध्याकाळ होती आणि तिने स्पीकर चालू केला, कारण शिवणाऱ्या बायका घरी निघायच्या तयारीत तिथेच उभ्या होत्या. मी परत एकदा वाचून दाखवलं. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. मागून कुणीतरी विचारलं, म्हणजे सोमवारी यायचं ना? हेलन म्हणाली, हो, आणि वेळेवर.

माल टोरोंटोला आला त्या दिवशी कॉलीन आणि मी दोघी वेअरहाऊसला गेलो. ब्रोकरला तिथे जायची काहीच गरज नसते. सगळं स्क्रीनवर होतं. पण मला ते कापड हातात घेऊन बघायचं होतं. पहिलाच खोका उघडला. कापड दाट होतं, मऊ होतं, आणि उलट्या बाजूने हात फिरवला तर धागा बोटाला लागत नव्हता. इचलकरंजीच्या माझ्या काकांनी ते नक्की दोनदा उलटसुलट करून बघितलं असतं.

कोटाची किंमत थोडी वाढली, कारण इक्बालचं कापड इटलीपेक्षा महाग पडतं. कॉलीनला काही गिऱ्हाइकं सोडून गेली, बरीचशी राहिली. हेलनने कुणाला घरी पाठवलं नाही. तिचा प्रतिस्पर्धी आता तिला नाताळात कार्ड पाठवतो, पण कटिंगची बाई त्याने अजून परत केलेली नाही. इक्बालचा तो माग कोटाच्या कापडालाच लागला आहे आणि त्याच्याकडे आणखी दोघांनी चौकशी केली आहे, त्यातला एक स्कॉटलंडचा. कॅनडा आणि ब्रिटनची थांबलेली बोलणी पुढेमागे नीट सुरू होतील. तेव्हा हे सगळे नियम पुन्हा बदलतील आणि मला पुन्हा सगळ्यांना फोन करावे लागतील.

माझा पोर्तुगालचा सल्ला चुकीचा नव्हता. ज्याच्याकडे हेलनसारखं कुणी नाही त्याला आजही मी तोच देते. एवढा मोठा गट सोडलेल्या देशाचा व्यापार पुढे चालेल की नाही, हे मला लोक विचारतात, आणि करार पाठ असल्यामुळे मला ते सांगता यावं अशी त्यांची अपेक्षा असते. करारात एवढंच लिहिलेलं असतं की काय केलं तर ड्युटी लागणार नाही. ते करणारं कुणी त्या देशात उरलंय का, हे करारात नसतं. ते फोन करून विचारावं लागतं.